‘तपासले’चा चौकोन

भाऊजी, तुमच्या तेराव्याला मी जेवले नाही. ताट वाढलं, लाडू वाढला, मी पाणी पिऊन उठले. बायका आपसात म्हणाल्या, म्हातारीला दिराचं फार लागलं. लागलं वगैरे काही नाही. मी तुमच्यावर चिडले होते. अजूनही चिडलेलीच आहे, म्हणून लिहायला बसले.

दहाव्याला इंद्रायणीवर कावळा दोन मिनिटांत शिवला. त्याचाही मला राग आला. ज्या माणसाशी त्याची पुतणी अकरा महिने बोलली नाही, जो दवाखान्यात चार दिवस दाराकडे डोळे लावून पडला होता, त्याच्या पिंडाला कावळ्यानं तासभर तरी ताटकळवायचं. तुमच्या नितीनला बरं वाटलं. म्हणाला, काकू, पप्पांचं काही मागं राहिलं नव्हतं. मी मान हलवली. मागं आमची मंगल उभी होती. ती हात जोडायला पुढं आली नाही.

तिला तुम्ही एक वाक्य सांगितलं असतं, तर ती आली असती. दवाखान्यातही आली असती. ते वाक्य माझ्याबद्दलचं होतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही तुमचं घेऊन सुटलात. माझं मला अजून सांगायचं आहे.

हे फोनवरच्या तुमच्याच पानावर येणार आहे, ‘भुताचा पत्ता’वर. येत्या अमावास्येला गोष्ट नाही, तिच्या जागी हे. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. कोणीतरी आजच आलेला असतो." म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही ऐकून घ्या. आता तुम्हाला कुठं जायची घाई नाही.

आम्ही मूळचे मोशीचे. शेत होतं तिथं आता चार इमारती आहेत आणि त्यातल्या ए विंगमध्ये मी राहते, बी विंगमध्ये तुम्ही राहत होतात. विहिरीच्या जागी गाड्या लावतात. तुम्ही आधी भोसरीला आणि मग चाकणला कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात जन्म काढलात. रिटायर झाल्यावर एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणालात, "आपली भुतं बेघर झाली, वहिनी. चिंच तोडली, पिंपळ तोडला, विहीर बुजवली. ती गेली कुठं?" मी म्हटलं, "जातील कुठं? लिफ्टनं वर गेली आसतील." तुम्ही हसलात, आणि तीच आपली पहिली गोष्ट झाली. चिंचेवरचा खवीस. त्याला उंचावर बसायची सवय, म्हणून तो लिफ्टमध्ये राहायला गेला आणि कुठंही जायचं असलं तरी माणसाला अकराव्या मजल्यावर नेऊ लागला. आमच्या सोसायटीतल्या दोन बायका पुढं महिनाभर जिन्यानं चढत होत्या. त्यांच्या गुडघ्यांचं पाप आपल्या दोघांच्या डोक्यावर.

काम करायची आपली पद्धत ठरलेली होती. दुपारी जेवणं झाली की मी कपाटाचं दार उघडून त्यात तोंड घालायचे, डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि फोनसमोर गोष्ट सांगायची. नाशिक रस्त्यावरून चाकणकडं जाणारे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून ही सोय. घामानं अंघोळ व्हायची. थांबायचं नाही, परत सांगायचं नाही, एका दमात. मग तुम्ही तो आवाज घरी न्यायचात, कानात घालून ऐकायचात आणि ट्रेसिंग पेपरवर शाईनं चित्रं काढायचात. खाली गोष्ट अक्षरातही टाइप करायचात, ज्यांना वाचायची आहे त्यांच्यासाठी. एका गोष्टीला आठ चित्रं. अमावास्येला पानावर.

तुमची चित्रं बघून आधी मला हसू यायचं. जन्मभर मशिनचे भाग काढलेला माणूस भुताचाही भागच काढणार. मुंजा समोरून, मुंजा बाजूनं, मुंजा वरून. खविसाची उंची साडेसात फूट, बाण दाखवून लिहिलेली. आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, कंपनीत असते तशी, तीन चौकोनांची चौकट. काढले. तपासले. मंजूर. ‘काढले’मध्ये तुम्ही ‘वसंत’ लिहायचात. ‘मंजूर’मध्ये लिहायचात ‘वाचक’. आणि ‘तपासले’मध्ये माझी सही घ्यायचात. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईची सही घेऊन काय करणार? तुम्ही म्हणालात, गोष्ट तुमची आहे, चित्र तिच्यासारखं झालं का हे तुम्हीच सांगणार. मग तुम्ही मला कंपनीतल्या एका साहेबाची गोष्ट सांगितलीत. त्यानं न बघता ड्रॉइंगवर सही केली आणि भोक उलट्या बाजूला पडलं. सगळा माल भंगारात गेला. "सही म्हणजे मी पाहिलं. पाहिलं नसेल तर करायची नाही." हे तुम्ही मला निदान दहा वेळा ऐकवलंत. आठवतंय ना?

आपण भांडायचो रोज. मी ‘न्हाई’ म्हटलेलं तुम्ही खाली ‘नाही’ लिहायचात. मी विचारायचे, माझ्या तोंडातला ह काढून तुम्हाला काय मिळालं? तुम्ही म्हणायचात, वाचायला बरं दिसतं. माझं म्हणणं, मग सांगून पण तुम्हीच टाका. त्यावर तुम्ही, माझ्या आवाजाला कोण घाबरणार, म्हणायचात. यात तुम्ही बरोबर होतात. तुमचा आवाज बँकेतल्या माणसासारखा होता.

दुसरं भांडण मोठं होतं. माझं म्हणणं होतं की भूत दाखवायचं नाही. दार दाखवा, हलणारा झोका दाखवा, ताटातला अर्धा घास दाखवा. भूत दिसलं की संपलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणायचात, "तेच तर, वहिनी. दिसत नाही तोवरच माणूस घाबरतो. दिसलं की घाबरत नाही." मला वाटायचं, तुम्ही माझंच म्हणणं मला परत ऐकवताय. तुम्ही वेगळंच सांगत होतात. चार वर्षं सांगत होतात.

एक मात्र कबूल करते. तुमच्यामुळं मला माणसं मिळाली. कंपनीच्या बसमध्ये बसून पहिल्या पाळीला जाणारी पोरं लिहायची, आजी, तुमची गोष्ट ऐकत जातो, झोप उडते. कोणी तळवड्याहून लिहायचं, कोणी पार लातूरहून आलेलं, खोलीवर एकटं राहणारं. भाजीवाल्यानं एकदा मला आवाजावरून ओळखलं, आणि कोथिंबीर फुकट दिली. मी घरात सून होते, मग आई होते, मग म्हातारी झाले. बोलणारी बाई मी सत्तरीत झाले, ती तुमच्यामुळं. हे तुम्ही जिवंत असताना सांगितलं असतं, तर तुम्ही माझी सहा वाक्यं जास्त बदलली असती, म्हणून सांगितलं नाही.

आता पहिलीबद्दल.

मी तुमच्या थोरल्या भावाची दुसरी बायको. पहिली तापानं गेली तेव्हा मंगल दहा महिन्यांची होती. वर्षभरानं मी आले. अठरा वर्षांची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवून एक चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. पहिलीच्या नावाचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली त्रास देत नाही, अशी रीत. अंघोळ झाली की पहिलं हळदकुंकू तिला, नवं लुगडं आलं की आधी तिला लावून मग मी नेसायचं, सणाचा पहिला घास तिच्या नावानं बाजूला. तिचं नाव गोदावरी होतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. घरात तिला कोणी नावानं बोलत नसे. नुसतं ‘पहिली’.

मंगल दोन वर्षांची होती. जेवायची नाही, झोपायची नाही, माझ्या अंगाला हात लावू द्यायची नाही. मला पोर सांभाळायचं काय माहीत? एक दिवस मी वैतागून म्हटलं, गप जेव, न्हाईतर पहिली येईल. पोर गप झाली आणि जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, पुन्हा जेवली. मग मी रोज म्हणू लागले. दार उघडं टाकू नको, पहिली येईल. रडू नको, पहिलीला ऐकू जाईल. सात वर्षं. पहिली म्हणजे तिची स्वतःची आई, हे तिला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची असताना कोणा नातेवाइकाच्या लग्नात तिला कोणीतरी सांगितलं. घरी येऊन तिनं मला एक शब्द विचारला नाही. मी त्या दिवसापासून ते म्हणायचं बंद केलं. पण भीती काय, बत्ती आहे बंद करायला? सासरी जाईपर्यंत ती तिन्हीसांजेला माझ्या पदराला धरून बसायची. माझ्याच. मला ते बरं वाटायचं.

आता ते वाक्य. त्याआधी मला दोनदा चहा करावा लागला.

मंगल सहा वर्षांची होती. तुम्ही आयटीआयमधून नुकते कंपनीत लागला होतात. एका सकाळी कागदाची गुंडाळी घेऊन आलात आणि न्हाणीजवळ मी बंबात लाकडं सारत होते तिथं उघडलीत. एका बाईचं तोंड. रुंद कपाळ, दातावर दात, हसणारं. मी विचारलं, ही कोण? तुम्ही म्हणालात, "गोदावहिनी. मंगलला द्यायला काढलंय. तिला कळू दे, तिची आई कशी होती."

तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. मी तिला पाहिलेलं नव्हतं. चार वर्षं मी तिला गळ्यात घालून हिंडत होते, आणि मला वाटत होतं की ती उग्र असेल. ही तर हसत होती. ही हसरी बाई पोरीला दाखवली असती, तर उद्यापासून मी पोरीला काय सांगून जेवू घालणार होते? आणि ती माझ्याकडं कशाला आली असती? मी तुमच्या हातातून कागद घेतला आणि बंबात घातला. फडकन पेटला. तुम्ही हात पुढं केलात तोवर नुसती राख. मी म्हटलं, "पुन्हा काढाल तर मी माहेरी जाईन. मग पोरगी तुमी आन् तुमच्या चित्रांनी सांभाळायची."

तुम्ही हे भावाला सांगितलं नाहीत, आईला सांगितलं नाहीत, पुढं बायको आली तिलाही सांगितलं नसणार. पुन्हा काढलं पण नाहीत, पन्नास वर्षं. निदान मला तसं वाटत होतं.

मागच्या वर्षी गोष्टी संपत आल्या होत्या. वाचणारे सारखे म्हणत, आजी, खरी घडलेली सांगा. मी कपाटात तोंड घातलं आणि पहिलीची गोष्ट सांगितली. नवी नवरी, गळ्यात टाक, जेवायला बसली की समोर पहिली येऊन बसते आणि तोंड वासते, घास द्यायला विसरलं की टाक तापतो आणि छातीला चटका बसतो. सगळं खोटं. पहिली कधीच आली नाही, भाऊजी. एकदाही नाही. मी वाट बघायचे. वाटायचं, यावं एकदा, पोरीवरून भांडावं माझ्याशी, मी पण दोन शब्द ऐकवीन. कोणी आलं नाही. पोरगी, मी आणि नखाएवढा पत्रा. पण गोष्ट मी अशी सांगितली की माझ्याच अंगावर काटा आला. मी आजवर सांगितलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती.

तुम्ही ती माझ्याच घरी बसून ऐकलीत. कानातलं काढून टेबलावर ठेवलंत. "हीच टाकायची, वहिनी?" मी म्हटलं, हीच. "बघा." मी म्हटलं, बघितलं. तुम्ही गेलात.

चित्रं घेऊन आलात त्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, डोळ्याला पाणी. तुम्ही आठ कागद पुढं ठेवलेत. मी चौकोनावर बोट ठेवून विचारलं, इथंच ना? आणि एकामागून एक सही करत गेले. इंदू, इंदू, इंदू. तुम्ही म्हणालात, "नीट बघून करा." मी म्हटलं, "बघायला डोळा कुठाय? तुमी वाईट काढता का कधी?" तुम्ही कागद लगेच उचलले नाहीत. मी म्हटलं, जावा आता, मला औषध घालायचंय. मग गुंडाळलेत आणि गेलात.

अमावास्येला गोष्ट पानावर आली आणि लोकांनी तक्रारी लिहिल्या. आवाजानं घाबरलो, चित्रानं नाही. वसंतकाका, यावेळी भूत जमलं नाही. एकीनं लिहिलं, हे भूत माझ्या काकूसारखं हसतंय, मला तर हिच्याकडं जेवायला जावंसं वाटतं. तुम्ही मला ते वाचून दाखवलं नाहीत. एरवी एकूण एक वाचून दाखवायचात.

मंगल चऱ्होलीच्या शाळेत ऑफिसात आहे. मधल्या सुट्टीत डबा खाताना तिनं फोनवर ते पाहिलं. डबा तसाच टाकून, दोन रिक्षा बदलून ती मोशीला आली. दारात चप्पल काढली नाही. फोन माझ्या तोंडापुढं धरला. "आई, ही कोण?"

मी काळा चष्मा वर केला. रुंद कपाळ. दातावर दात. आणि फोनच्या मागं मंगलचं तोंड. तेच कपाळ, तोच दात. सत्तावन्न वर्षांची बाई आणि तिच्या हातात तिच्याहून निम्म्या वयाची तिची आई. मी म्हटलं, "पहिली."

ती खाली बसली. तिथंच, दारात. म्हणाली, "हिला मी घाबरत होते?"

मग ती बी विंगला गेली. मी भिंत धरत मागं गेले. तुम्ही टेबलाशी होतात. पोरीनं आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, तुम्हाला चेहरा आठवत होता. पन्नास वर्षं. मला एकदा काढून दाखवावासा वाटला नाही? आणि दाखवलात तो आधी या लोकांना. भूत म्हणून."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं. त्या महिन्यात संकष्टी कोणत्या वारी होती, हे मला अजून आठवतं, इतकी मी ती वाचली.

तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं, मंगल."

ती गेली. त्यानंतर तुमच्याशी बोलली नाही. दिवाळीला तुमच्या दारावरून माझ्याकडं आली, भाऊबीजेला नितीनला ओवाळायला त्याला माझ्या घरी बोलावून घेतलं. तुमच्या घरात पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी भांडायला आले होते. विचारलं, "सांगितलं का न्हाई? बंबातलं?"

"सांगून काय करू, वहिनी? तिची एक आई गेली. दुसरी कशाला घालवू?"

मला असा राग आला की हातातली पिशवी मी तुमच्या टेबलावर आपटली. माझ्यावर उपकार करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, ती गोष्ट काढून टाका पानावरून. तुम्ही नाही म्हणालात. पहिल्यांदाच इतकं सरळ. "भूत तुम्ही केलंत तिला. मी फक्त परत माणूस केलं. आता काढणार नाही." मी म्हटलं, मग मला न सांगता का केलंत? तुम्ही म्हणालात, "सही कोणाची आहे खाली?"

मी पिशवी उचलून घरी आले.

तुम्ही शहाणे होतात, मान्य. चांगले होतात, तेही मान्य. पण चांगल्या माणसाचा एक छळ असतो तो तुम्हाला कधी कळला नाही. तुम्ही गप्प बसलात, आणि त्या गप्प बसण्याचं ओझं मला दिलंत. मी आगाऊ, तोंडाळ बाई. मला कोणी तोंडावर बोललं तर मी निस्तरते. अकरा महिने दर अमावास्येला तुम्ही माझ्यापुढं कागद ठेवायचात, मी भिंग लावून एकेक रेघ बघायचे, सही करायचे, आणि दोघंही मंगलचं नाव काढायचो नाही. ती आपली सगळ्यात भयंकर गोष्ट होती. ती आपण पानावर टाकली नाही.

तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा मी मंगलला फोन केला. काका आजारी आहेत, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, बघते. दार वाजलं की तुम्ही मान वळवायचात. नर्स असायची, नाहीतर नितीन. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून वाक्य जुळवत होते. त्यांनी काढलं होतं, मी जाळलं. सहा शब्द पण नाहीत. लिफ्टमधल्या खविसाची वीस मिनिटांची गोष्ट मी एका दमात सांगितली होती, आणि हे मला जमेना. म्हटलं, उद्या सांगते. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. एक दिवस थांबायला काय झालं होतं? पन्नास वर्षं थांबलात ना?

तेराव्यानंतर नितीन एक लांब प्लास्टिकची नळी घेऊन आला. ड्रॉइंग ठेवायची, तुमची कंपनीतली. म्हणाला, यावर पप्पांनी तुमचं नाव लिहिलंय. मी दार लावलं आणि उघडली.

एकच कागद. गोदावरी. भूत नाही, गोष्ट नाही. समोरून, बाजूनं, वरून. कडेवर दहा महिन्यांची पोर, पोरीनं आईचा कान धरलेला. बाण दाखवून उंची, पाच फूट एक इंच. शेजारी बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, ‘दाराच्या चौकटीवरून. मी तेव्हा तिच्या कानाला लागत होतो.’ कपाळावरचं गोंदण मापानं. पायातली जोडवी मापानं. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग, त्यालाही बाण. खाडाखोड केलेल्या रेघा कागदाच्या मागून दिसतात. हा कागद एका दिवसाचा नाही. तुम्ही पुन्हा काढलं नाहीत असं मला वाटत होतं, ते खोटं होतं. तुम्ही काढत होतात, पुसत होतात, पुन्हा काढत होतात.

कोपऱ्यात तीन चौकोन. काढले, वसंत. तपासले, रिकामा. मंजूर, तोही रिकामा.

मी पेन घेतलं होतं. मग खाली ठेवलं. गळ्यातला टाक हातात घेऊन बघितला. इतकी वर्षं रोज घासून त्यावरच्या बाईचे नाकडोळे कधीच गेले आहेत, नुसता गुळगुळीत पत्रा राहिलाय. मी तिला पाहिलेलं नाही. आणि पाहिलं नसेल तर सही करायची नाही.

म्हणून असं ठरवलं आहे. हे मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं आहे. नितीन म्हणाला, द्या, मी टाइप करतो. त्याला दिलं नाही. उद्या रविवार आहे, मंगल येईल. वही आणि नळी दोन्ही तिच्या हातात देणार आहे. तोंडानं मला अजूनही जमायचं नाही, पण ती शाळेतली कागदपत्रं टाइप करते तशी हे करील, ओळीमागून ओळ, आणि बंबापाशी येईल. तिथं ती थांबली तर थांबली. वही माझ्या अंगावर फेकली तर मी ती उचलून ठेवीन. टाक काढून दे म्हणाली तर काढून देईन, तो तिचाच आहे. तिला एकच आई राहिली आहे, तीही तिला घालवायची असली तर घालवू दे. ते तिनं ठरवायचं. तुम्ही ठरवायचं नव्हतं.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही हे वाचत असाल तर तिनं शेवटपर्यंत टाइप केलं, एवढं नक्की. वर तो नळीतला कागद लावायला मी मंगलला इथंच सांगते. त्याच्या उजव्या कोपऱ्यात बघा. ‘तपासले’च्या चौकोनात मंगलचं नाव दिसलं तर तिनं आरशात बघून खात्री केली, असं समजा. चौकोन रिकामा दिसला तर तिला अजून वेळ हवा आहे. नाहीतर नकोच आहे. तेही बरोबरच.

आणि भाऊजी, तुम्ही आता मधे पडू नका. गप्प बसा. ते तुम्हाला चांगलं जमतं.